अपुरी राहिलेली पदवी : डॉक्टर सॅम्युअल जॉन्सन ह्याचे अल्प चरित्र

आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत असे बंधू पुष्कळ आढळतात की, ज्यांची शाळा पैशाच्या अभावी मध्येच सुटली. कोणी परीक्षेच्या उंबरठ्यापर्यंत जाऊन परतला, कोणाचे सेमिनरीतील शेवटचे वर्ष राहून गेले. पुढे वय वाढले, लेकरेबाळे झाली, आणि ती अपुरी परीक्षा काट्याप्रमाणे मनात सलत राहिली. अशा बंधूंकरिता आम्ही ह्या अंकी इंग्लंडातील एका थोर ग्रंथकाराचे चरित्र देत आहो. त्याचे नाव डॉक्टर सॅम्युअल जॉन्सन. डॉक्टर हा शब्द त्याच्या नावाला इतका चिकटून गेला आहे की, तो त्यासह जन्मास आला असे कोणास वाटावे. परंतु खरी गोष्ट अशी की, विसाव्या वर्षी त्याला दारिद्र्यामुळे कॉलेज सोडावे लागले, आणि तेथील पदवी त्याच्या हाती पडली तेव्हा तो पंचेचाळीस वर्षांचा होता.

जॉन्सनचा जन्म इंग्लंडच्या मध्यभागी लिचफील्ड ह्या गावी १७०९ साली, १८ सप्टेंबर रोजी झाला. (नाव आमच्या शास्त्रातील शमुवेलाचेच होय.) बाप मायकेल हा पुस्तकविक्रेता. गावात त्याचे दुकान होते, आणि बाजाराच्या दिवशी तो आसपासच्या गावी जाऊन पुस्तके मांडून बसे. माणूस प्रामाणिक व गावात मान असलेला, परंतु व्यवहारात कच्चा. त्यामुळे घरात पुस्तके फार आणि पैसा थोडा. मूल जन्मतःच अशक्त होते. लहानपणीच त्याला गंडमाळा झाल्या. त्यांचे व्रण कायमचे राहिले, एक डोळा बहुतेक निकामी झाला, आणि डाव्या कानाने ऐकू येईनासे झाले. त्या काळी इंग्लंडातही अशी समजूत होती की, राजाचा अथवा राणीचा हात लागला म्हणजे गंडमाळा बऱ्या होतात. म्हणून ह्या अडीच वर्षांच्या पोराला आईने १७१२ साली लंडनला नेले, व ॲन राणीचा हात त्यास लावून आणिला. गंडेताईत काय ते आमच्याच देशात, असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. राणीकडून मिळालेले सोन्याचे नाणे जॉन्सनने जन्मभर गळ्यात वागविले. गंडमाळा मात्र गेल्या नाहीत.

गावच्या शाळेत तो लॅटिन भाषा उत्तम शिकला. शाळा सुटल्यावर दोन वर्षे बापाच्या दुकानात गेली. बापास वाटे की पोरगा धंदा शिकेल. पोरगा गिऱ्हाइकाकडे पाठ करून वाचीत बसे. धंद्याचे नुकसान झाले असेल, पण ह्या दोन वर्षांत त्याने जे वाचिले ते त्याला जन्मभर पुरले.

इतक्यात आईला एका नातेवाईक बाईच्या मृत्युपत्रान्वये चाळीस पौंड मिळाले. एका सधन सोबत्यानेही खर्चास हातभार लावण्याची आशा दाखविली होती. तेवढ्यावर १७२८ च्या ऑक्टोबरात बाप स्वतः मुलास ऑक्सफर्डला घेऊन गेला आणि पेम्ब्रोक कॉलेजात त्याचे नाव घातले. तेथील शिक्षकांस लवकरच कळून आले की, ह्या ओबडधोबड मुलाने जितके वाचिले आहे तितके वाचून येणारे विद्यार्थी क्वचितच असतात. अलेक्झांडर पोप ह्या कवीने (हा पोप इंग्रज कवी, रोमचा नव्हे) मशीहाविषयी एक काव्य केले होते. त्याचे लॅटिन पद्यात भाषांतर करण्याचे काम नाताळच्या सुमारास त्यास सांगण्यात आले, आणि ते त्याने असे केले की पुढे ते छापून निघाले. ऑक्सफर्डातच विल्यम लॉ ह्याचा भक्तिमार्गाविषयीचा एक गंभीर ग्रंथ त्याच्या हाती आला. असली पुस्तके नीरस असतात, वाचून थोडे हसावे, अशा बुद्धीने त्याने तो उघडिला. परंतु त्या ग्रंथानेच त्यास जिंकिले. धर्माचा विचार मनापासून करण्यास त्या दिवसापासून आरंभ झाला, असे तो पुढे सांगत असे.

परंतु सोबत्याकडील मदत आली नाही, आणि चाळीस पौंड किती दिवस पुरणार? जॉन्सनचा टेलर नावाचा एक मित्र दुसऱ्या कॉलेजात होता. तेथील शिक्षकाची व्याख्याने चांगली असत, म्हणून ती टेलरकडून समजून घेण्यास जॉन्सन जात असे. काही दिवसांनी त्याचे बूट इतके फाटले की बोटे बाहेर दिसू लागली, व त्या श्रीमंत कॉलेजातील विद्यार्थ्यांच्या नजरा त्याच्या पायांकडे वळल्या. हे लक्षात येताच त्याने जाणे बंद केले. कोणा दयाळू माणसाने नव्या बुटांचा जोड रात्री त्याच्या दाराशी आणून ठेविला. सकाळी तो दिसताच जॉन्सनने संतापाने फेकून दिला.

ह्या कृत्याची काही लोक प्रशंसा करितात. आमच्या मते ते प्रशंसेस पात्र नाही, पण ते समजण्यास कठीणही नाही. दुसऱ्याच्या मुलाचा उतरलेला कोट घालून ज्याने कधी शाळेत पाऊल टाकिले असेल, त्यास आम्ही अधिक सांगण्याची गरज नाही.

१७२९ च्या डिसेंबरात, तेरा महिन्यांनी, तो घरी परतला. पुस्तके ऑक्सफर्डातच मित्रापाशी ठेविली, जणू पुन्हा येणारच आहे. तो विद्यार्थी म्हणून पुन्हा कधी गेला नाही, आणि ती पुस्तके पुष्कळ वर्षांनी मागवून घ्यावी लागली.

घरी आल्यावर त्याला घोर विषण्णतेने घेरिले. बुद्धी भ्रष्ट होते की काय असे भय त्यास वाटे. शरीर दमविले तर मन स्थिर होईल म्हणून तो लिचफील्डहून बर्मिंगहॅमपर्यंत पायी जाऊन परत येई. हे अंतर जाऊनयेऊन तीस मैलांहून अधिक आहे. हा रोग त्याच्या मागे जन्मभर राहिला, आणि त्याच्या सर्व कार्याकडे पाहताना ही गोष्ट विसरता कामा नये. त्याच सुमारास आजारी बापाने एकदा त्यास विनविले की, आज युटॉक्सेटरच्या बाजारी तू दुकान मांड. कॉलेजात जाऊन आलेल्या मुलास बाजारात बसण्याची लाज वाटली; त्याने साफ नाही म्हटले. १७३१ च्या डिसेंबरात बाप वारला. वडिलार्जित मालमत्तेपैकी जॉन्सनच्या हाती वीस पौंड आले.

पुढील काही वर्षांचा वृत्तांत थोडक्यात सांगितला असता चालेल. एका शाळेत दुय्यम शिक्षकाची नोकरी केली, ती काही महिन्यांत सोडली. बर्मिंगहॅमला एका पुस्तकविक्रेत्यासाठी हबशी देशाच्या प्रवासवर्णनाचे भाषांतर केले. त्याचे पाच गिनी मिळाले. १७३५ साली त्याने एलिझाबेथ पोर्टर नामक विधवेशी लग्न केले. ती त्याहून वीस वर्षांनी वडील होती, आणि लोक हसले. परंतु त्याने तिच्यावर जे प्रेम केले त्याला हसण्याचे धैर्य पुढे कोणास झाले नाही. तिच्या पैशाने लिचफील्डजवळ एडियल येथे त्याने शाळा काढिली. विद्यार्थी मोजके आले. त्यांपैकी डेव्हिड गॅरिक हा पुढे इंग्लंडचा सर्वांत प्रसिद्ध नट झाला. शाळा बुडाली, आणि बायकोचा पैसाही बहुतेक तीत गेला. १७३७ च्या मार्चात गुरू आणि शिष्य दोघे मिळून लंडनला नशीब काढण्यास निघाले.

लंडनात तो एका मासिकासाठी लिहू लागला. जंटलमन्स मॅगझीन हे त्याचे नाव. चरित्रे, भाषांतरे, पार्लमेंटातील वादविवादांचे वृत्तान्त, जे सांगतील ते त्याने लिहिले. लंडन शहरावरील त्याचे काव्य १७३८ साली निघाले व वाखाणले गेले, तरी त्याबद्दल दहा गिनीच मिळाले. काही रात्री तर निजण्यास जागा नाही म्हणून आपल्या एका कवी मित्राबरोबर रस्त्यांतून फिरत त्याने काढिल्या.

ह्या काळात त्या अपुऱ्या पदवीने त्यास कसे अडविले ते पाहा. १७३९ साली ॲपलबी गावच्या शाळेत मुख्य शिक्षकाची जागा रिकामी झाली. पगार वर्षास साठ पौंड. शाळेचे चालक जॉन्सनला घेण्यास राजी होते. पण शाळेच्या नियमात स्पष्ट लिहिले होते की मुख्य शिक्षक एम्. ए. असला पाहिजे. तेव्हा लॉर्ड गॉवर नावाच्या एका सरदाराने आयर्लंडातील एका स्नेह्यास पत्र लिहिले, अशासाठी की त्याने प्रसिद्ध ग्रंथकार डीन स्विफ्ट ह्यास गाठावे आणि स्विफ्टने डब्लिनच्या विश्वविद्यालयाकडून ह्या गरीब पंडितास एम्. ए. ची पदवी देववावी. मार्ग लांब होता, मुदत थोडी होती, आणि त्यातून काही निष्पन्न झाले नाही. वकिलीच्या एका शाखेत शिरता येईल काय ह्याचाही त्याने तपास करविला. तेथे कायद्याची डॉक्टर पदवी हवी होती. दोन्ही दारे एकाच किल्लीवाचून बंद राहिली.

आम्हांस पुष्कळ वेळा असे वाटते की ॲपलबीची नोकरी मिळाली असती तर ह्या पुरुषाचे नाव आज कोणास ठाऊक नसते. परंतु असे म्हणणे मागाहून सोपे आहे. तीस वर्षांच्या जॉन्सनला त्या दिवशी घरभाडे द्यावयाचे होते.

१७४६ साली लंडनच्या काही पुस्तकविक्रेत्यांनी एकत्र येऊन त्याच्याशी इंग्रजी भाषेचा मोठा कोश रचण्याचा करार केला. मोबदला पंधराशे गिनी, आणि त्यातूनच लेखनिकांचा पगार. फ्रान्स देशात चाळीस विद्वानांच्या सभेस असा कोश करण्यास पन्नासांहून अधिक वर्षे लागली होती. जॉन्सनने तीन वर्षांची मुदत सांगितली! लागली नऊ. आमच्या भाषेचा मोल्सवर्थ साहेबांनी केलेला कोश १८३१ साली निघाला. त्यांच्यापाशी शास्त्रीमंडळी होती, कँडी बंधूंसारखे साहाय्यक होते, तरी केवढे श्रम पडले हे उपदेशकांपैकी ज्यांनी तो ग्रंथ हाताळला आहे ते जाणतात. जॉन्सनपाशी गॉफ स्क्वेअरमधील भाड्याच्या घराचा माळा आणि सहा लेखनिक. त्यांपैकी पाच स्कॉटलंडचे. कामाची रीत अशी की, जॉन्सनने एकेक ग्रंथ वाचावा, ज्या वाक्यात शब्दाचा चांगला उपयोग दिसेल त्यावर खूण करावी, लेखनिकांनी ते वाक्य चिठ्ठीवर उतरावे, आणि मग चिठ्ठ्या शब्दवार लावून जॉन्सनने अर्थ लिहावा. पहिली मांडणी काही वर्षांनी निरुपयोगी ठरली. ती टाकून देऊन पुष्कळ काम पुन्हा करावे लागले. देवाधर्माविषयी अनादर उत्पन्न करणाऱ्या लेखकांची वाक्ये तो घेत नसे. पवित्र शास्त्रातील वाक्ये मात्र त्याने विपुल घेतली आहेत. शेवटी बेचाळीस हजारांहून अधिक शब्द आणि सुमारे एक लक्ष चौदा हजार उतारे त्या ग्रंथात आले.

हे काम चालू असता तो रॅम्बलर नावाचे पत्र आठवड्यातून दोनदा काढीत होता, आणि १७५० पासून १७५२ पर्यंत त्याचे दोनशे आठ अंक निघाले. ते बंद होण्याच्या सुमारास, १७५२ च्या मार्चात, त्याची पत्नी मरण पावली. तिच्यासाठी आणि आईसाठी मोठे नाव मिळवावे ही त्याची इच्छा होती. आता घर रिकामे झाले. काही महिने त्याच्याने काम होईना. पुढच्या वर्षी एप्रिलात कोशाचा दुसरा भाग हाती घेताना त्याने एक प्रार्थना लिहून ठेविली आहे, तीत ह्या कामात आजवर मिळालेल्या साहाय्याबद्दल आभार मानून पुढील भागासाठी बळ मागितले आहे. आम्ही अशा प्रार्थनांकडे वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधितो, कारण हा मनुष्य जन्मतः उद्योगी नव्हता. सकाळी उशिरापर्यंत अंथरुणात पडून राहणे, काम उद्यावर टाकणे, हे त्याचे दोष होते. दरवर्षी वाढदिवशी व ईस्टरच्या दिवसांत तो लवकर उठण्याचा निश्चय लिहून काढी, आणि पुढच्या वर्षी तोच निश्चय पुन्हा लिही. तीस वर्षे असे चालले.

१७५४ च्या उन्हाळ्यात कोश बहुतेक पुरा होत आला, तेव्हा तो सुमारे पाच आठवडे ऑक्सफर्डात जाऊन राहिला. थॉमस वॉर्टन नावाचा तेथील एक तरुण विद्वान त्याच्याबरोबर होता. आपले जुने कॉलेज पाहण्यास जॉन्सन गेला. कॉलेजच्या जुन्या नोकरांपैकी कोणी कोणी अद्याप होते. त्यांना भेटून त्याला फार आनंद झाला. मुख्याध्यापकाने मात्र थंडपणे स्वागत केले. जेवणास बोलाविले नाही, आणि लवकरच निघणाऱ्या कोशाची प्रत घेतो असेही म्हटले नाही. मग तो मीक नावाच्या आपल्या सहाध्यायाकडे गेला. विद्यार्थी असताना हा मीक वर्गात इतका हुशार वाटे की, त्याचे वाचन कानी पडू नये म्हणून जॉन्सन होईल तितका दूर जाऊन बसे. तो मीक पदवी घेऊन कॉलेजच्या वेतनावर तेथेच राहिला होता. दोघे प्रेमाने भेटले. बाहेर पडल्यावर जॉन्सन वॉर्टनपाशी बोलला की, हा येथे राहिला, मी लंडनात गेलो, आणि आमच्या दोघांच्या विद्येची गत किती निराळी झाली.

वॉर्टन आणि वाइज नावाचे एक ग्रंथपाल ह्या दोघांनी मनावर घेतले की, एवढा ग्रंथ निघण्यापूर्वी ऑक्सफर्डने ह्या आपल्या मुलास एम्. ए. ची पदवी दिलीच पाहिजे. हिवाळाभर पत्रे चालली होती. जॉन्सनला ह्या पदवीची पर्वा नव्हती असे कोणी समजू नये. पुस्तकाच्या पहिल्या पानावर ती छापता यावी म्हणून तो आतुर होता, व वॉर्टनला त्याविषयी पुन्हा पुन्हा लिहीत होता. पदवीशिवाय जे करावयाचे ते त्याने करून दाखविले होते. तरीही त्याला ती हवी होती. ह्यात आम्हांस काही हलकेपणा दिसत नाही.

त्याच दिवसांत आणखी एक प्रकार घडला. १७४७ साली कोशाची योजना त्याने लॉर्ड चेस्टरफील्ड ह्या मोठ्या सरदारास उद्देशून छापिली होती. सरदाराने आरंभी दहा पौंड दिले, आणि पुढे सात वर्षे वळूनही पाहिले नाही. आता ग्रंथ निघणार असे कळताच त्याने वर्तमानपत्रात कोशाची स्तुती करणारे दोन लेख लिहिले, अशासाठी की ग्रंथ आपणांस अर्पण व्हावा. ७ फेब्रुवारी १७५५ रोजी जॉन्सनने त्यास पत्र लिहून कळविले की, बुडत असता जो काठावरून पाहत राहिला त्याची मदत किनाऱ्यास लागल्यावर नको. बुटांचा जोड फेकणारा मुलगा येथे पुन्हा दिसतो, परंतु ह्या वेळी त्याच्या बाजूस न्याय होता.

त्यानंतर तेराच दिवसांनी, २० फेब्रुवारीस, ऑक्सफर्डने पदवी दिली. ती लिहिलेले पत्र डॉक्टर किंग नावाच्या गृहस्थाने लंडनला आणून दिले. १५ एप्रिल १७५५ रोजी कोशाचे दोन प्रचंड भाग प्रसिद्ध झाले, किंमत साडेचार पौंड, आणि पहिल्या पानावर ग्रंथकाराच्या नावापुढे एम्. ए. ची अक्षरे. प्रस्तावनेच्या शेवटी मात्र त्याने लिहिले आहे की, ज्यांना हे दाखवून आनंद द्यावयाचा होता त्यांतील बहुतेक मातीआड गेले.

पदवी मिळाली म्हणजे हाल संपले, असे होत नाही. पंधराशे गिनी कधीच खर्च झाले होते. दुसऱ्याच वर्षी मार्चात पाच पौंड अठरा शिलिंगांच्या कर्जासाठी त्यास अटक झाली, आणि रिचर्डसन ह्या कादंबरीकाराने सहा गिनी पाठविले तेव्हा सुटका झाली. १७५९ च्या जानेवारीत लिचफील्डला आई वारली. उत्तरक्रियेचा खर्च व तिचे देणे भागविण्यासाठी त्याने आठ दिवसांच्या संध्याकाळी बसून रासेलस ही गोष्ट लिहिली. हबशी राजपुत्र सुखाच्या शोधार्थ डोंगरांतील राजवाडा सोडून जगात हिंडतो, अशी ती कथा आहे. हिचे मराठी भाषांतर कृष्णशास्त्री चिपळूणकर ह्यांनी आरंभिले व त्यांचे पुत्र विष्णुशास्त्री ह्यांनी पुरे केले. ह्याच विष्णुशास्त्र्यांनी आपल्या निबंधमालेत जॉन्सनचे विस्तृत चरित्रही लिहिले. मिशनऱ्यांवर त्यांनी लेखणीचे किती कोरडे ओढले ते सर्वश्रुत आहे. परंतु ह्या ख्रिस्ती पंडितावर त्यांची भक्ती होती.

१७६२ साली राजाकडून त्यास वर्षास तीनशे पौंडांचे पेन्शन मिळू लागले. आपल्या कोशात त्याने पेन्शन ह्या शब्दाची चांगलीच थट्टा केली होती, त्यामुळे घ्यावे की न घ्यावे असा पेच पडला. पूर्वी केलेल्या कामाबद्दल हे आहे, पुढे काही लिहिण्याची अट नाही, असे आश्वासन मिळाल्यावर त्याने ते घेतले. १७६५ साली शेक्सपियरच्या नाटकांची त्याने केलेली आवृत्ती निघाली, वचन दिल्यापासून नऊ वर्षांनी. आणि त्याच वर्षी डब्लिनच्या विश्वविद्यालयाने त्यास कायद्याचा डॉक्टर केले. सव्वीस वर्षांपूर्वी गॉवर सरदाराचे पत्र गेले होते ते ह्याच विश्वविद्यालयासाठी. १७७५ साली ऑक्सफर्डनेही डॉक्टर पदवी दिली.

पुढच्या वर्षी, १७६६ साली, त्याने एक गोष्ट केली ती आमच्या वाचकांस विशेष गोड लागेल. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील लोकांची भाषा गेलिक. तीत शास्त्राचे भाषांतर होऊ नये, म्हणजे ते लोक निमूट इंग्रजी शिकतील, असे म्हणणारे काही लोक धर्मप्रसाराच्या संस्थेतच होते. जॉन्सनने एडिंबरोच्या एका पुस्तकविक्रेत्यास कडक पत्र लिहून ह्या मताचा निषेध केला. तारणाचे ज्ञान राजकारणासाठी लोकांपासून लपविणे हे त्यास मोठे पाप वाटले. दुसऱ्या वर्षी गेलिक नवा करार छापून निघाला.

पेन्शन मिळाल्यापासून पोटासाठी लिहिण्याची गरज उरली नाही, आणि लेखणी मंदावली. विषण्णतेने पुन्हा जोर केला. रात्र रात्र मित्रमंडळीत बोलत बसावे, दुपारी उठावे, असा क्रम झाला. बॉस्वेल नावाचा तरुण मित्र त्याचे बोलणे टिपून ठेवी, म्हणून ते जगास लाभले. पण जॉन्सन स्वतः ह्या वर्षांचा हिशेब देवापुढे मांडताना किती तळमळे ते त्याच्या प्रार्थनांत दिसते. १७७३ साली, चौसष्टाव्या वर्षी, तो बॉस्वेलबरोबर स्कॉटलंडच्या डोंगरांत व बेटांत घोड्यावरून व होडीतून फिरून आला, आणि त्यावर त्याने पुस्तक लिहिले.

मग १७७७ साली, ईस्टरच्या आदल्या दिवशी, पुस्तकविक्रेते पुन्हा त्याच्या दारी आले. इंग्रजी कवींच्या काव्यांची नवी आवृत्ती काढावयाची होती. प्रत्येक कवीच्या आरंभी दोन शब्द लिहून द्यावे इतकीच विनंती होती. त्याने दोनशे गिनी मागितले. ते फारच थोडे आहेत असे तेव्हाही लोकांनी म्हटले. सदुसष्ट वर्षांचा वृद्ध, श्वास लागणारा, झोप न येणारा. लहान प्रस्तावना म्हणून बसला आणि बावन्न कवींची चरित्रे लिहून उठला. चार भाग १७७९ साली व सहा भाग १७८१ साली निघाले. जाणते लोक म्हणतात की ह्याहून चांगले त्याने काही लिहिले नाही. एके काळी ज्याच्याबरोबर रात्री रस्त्यांतून फिरला होता, त्या रिचर्ड सॅव्हेजचे चरित्रही ह्यात आहे. ते त्याने तरुणपणीच लिहिले होते.

ह्याच शेवटल्या वर्षांत केव्हा तरी तो युटॉक्सेटरला गेला. जेथे बापाचे दुकान मांडले जाई त्या जागी बाजारात, भर पावसात, टोपी काढून बराच वेळ उभा राहिला. पाहणारे हसले असतील. पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या नकाराचे त्यास क्षालन करावयाचे होते.

१७८३ च्या जूनमध्ये एका रात्री पक्षाघाताने त्याची वाचा गेली. बुद्धी शाबूत आहे की नाही हे पाहण्यासाठी त्याने मनातल्या मनात लॅटिन पद्यात एक प्रार्थना रचिली. पद्ये तितकीशी चांगली झाली नाहीत हे त्याला समजले, आणि त्यावरून बुद्धी ठीक आहे अशी त्याची खात्री झाली! वाचा परत आली. पुढच्या वर्षी अखेरचे दुखणे आले. वेदना कमी करणारे अफूचे औषध त्याने शेवटी नाकारिले, देवासमोर जाताना मन जागे असावे म्हणून. १३ डिसेंबर १७८४ रोजी तो मरण पावला, व त्याला वेस्टमिन्स्टर ॲबीत पुरिले.

त्याच्या घरात नेहमी निराधार माणसे राहत. एक आंधळी बाई, एक गरीब वैद्य, आणि फ्रान्सिस बार्बर नावाचा निग्रो सेवक. हा बार्बर जमेका बेटात गुलामगिरीत जन्मला होता, आणि पत्नीच्या मृत्यूनंतर थोड्याच दिवसांनी, लहान वयात, जॉन्सनच्या घरी आला. १७६७ साली तो सुमारे पंचवीस वर्षांचा असता जॉन्सनने त्यास दूरच्या एका शाळेत घातले. लहान मुलांच्या बाकावर मोठा माणूस. लोक काय म्हणतील ह्याची जॉन्सनने पर्वा केली नाही. पाच वर्षे त्याने शाळेचा खर्च दिला, आणि वाचनाची गोडी लागू दे अशी पत्रे लिहिली. मृत्युपत्रात त्याने आपल्या मालमत्तेचा मोठा भाग बार्बरलाच ठेविला, व वर्षास सत्तर पौंड त्यास मिळावेत अशी व्यवस्था केली. पुढे बार्बर आपली बायकामुले घेऊन लिचफील्डास जाऊन राहिला. पैसा त्याच्याकडे फार दिवस टिकला नाही. मग जवळच बर्नटवुड ह्या खेड्यात त्याने एक लहानशी शाळा काढिली. एडियल, जेथे जॉन्सनची शाळा बुडाली होती, ते तेथून अगदी शेजारी आहे.